चोचवाल्या सुरीचं म्यान

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात सुरेश पांचाळची मुलाखत छापून आली. ओवे गावातला लोहार, माझा शाळेतला वर्गमित्र. मुलाखतीसोबत पानभर रंगीत फोटो होता. लाकडी फळीवर पाच सुऱ्या मांडलेल्या, पाचही नागड्या. त्या पाचही सुऱ्यांचे कपडे मी शिवलेले. फोटो काढताना माझी म्यानं कुठे ठेवली होतीस, असं मी सुरेशला विचारलं. तो अगदी निरागसपणे म्हणाला, "अरे, फळीखाली. फळी हलत होती, टेकू लागत होता."

यंदा संपादकांनी मला चामड्याच्या कामाबद्दल लिहायला सांगितलं. त्यांना वाटलं असेल, मी माझ्या वडिलांपासून सुरुवात करीन. त्यांनी विहिरीच्या मोटा शिवल्या, वहाणा शिवल्या, मी पट्टे आणि पिशव्या शिवतो, पनवेलच्या जुन्या बाजारात दहा फूट बाय आठ फुटांचं दुकान आहे. हे दोन ओळींत झालं. बाकीचा लेख मत्सराबद्दल आहे. माझ्या धंद्यात चामडं, दोरा आणि मेण यांच्याइतकाच तोही लागतो, फक्त तो विकत आणावा लागत नाही.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्यान म्हणजे चामड्याचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये कडेने एक अरुंद पट्टी. ही पट्टी कोणाला दिसत नाही, पण सगळं काम तीच करते. ती नसेल तर सुरी आतबाहेर करताना धार टाक्यांवर चालते, आणि महिन्याभरात म्यानाचं तोंड उसवून सुरी मांडीत घुसते. मी एका इंचात सात टाके घालतो. बाजारचं म्यान चार टाक्यांचं असतं. सातातला आणि चारातला फरक गिऱ्हाइकाला सांगून कळत नाही. सुरीची धार मात्र त्याला अंगठा फिरवला की कळते. सुरेशच्या दुकानात आलेला प्रत्येक माणूस सुरी उचलतो, अंगठा फिरवतो आणि "वा!" म्हणतो. माझ्या दुकानात आलेला माणूस म्यान हातात घेतो, त्यातून सुरी बाहेर काढतो आणि सुरीला "वा!" म्हणतो.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. खारघरच्या एका हॉटेलवाल्याने टोकाला दुभंगलेली सुरी आणली होती, चीज कापून त्याच टोकाने उचलायची. सापाच्या जिभेला मोजा शिवल्यासारखं ते काम. एक मांडववाला लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायच्या कट्यारी भाड्याने देतो. त्याने डझनभर म्यानं करून घेतली आणि अट घातली, "पातं काही झालं तरी बाहेर येता कामा नये. वरातीत नवऱ्याच्या मित्रांना जास्त झाली की पहिली कट्यार उपसतात." मी आतून दोन रिबिटा ठोकल्या. आयुष्यभर सुरी सहज निघावी म्हणून धडपडलो, आणि सगळ्यात जास्त कौतुक झालं ते न निघणाऱ्या म्यानाचं.

आता मुख्य गोष्ट. आठेक वर्षांपूर्वीची, मासेमारी बंद असते त्या दिवसांतली. बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि कोळ्यांची सगळी दुरुस्तीची कामं तेव्हाच निघतात. उरणहून दोन भाऊ दुकानात आले. थोरला हसुराम, बोटीचा तांडेल. धाकटा महेंद्र, पंचविशीतला, रुंद छातीचा आणि बडबड्या. हसुरामने गोणपाटात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवली.

"शेट, हिला घर पायजे."

मी गोणपाट उलगडलं. सुरेशचं काम लांबूनच ओळखू येतं. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून काढलेलं पातं, पाठ सरळ आणि जाड, आणि टोकाला एका बाजूला वळलेली मोठी चोच. पोपटाच्या चोचीसारखी, पण धार आतल्या वळणाला आणि धारेला बारीक दाते. चोचीचं टोक मुद्दाम बोथट केलेलं. मुठीखाली धारेच्या बाजूला बोट घसरू नये म्हणून एक टाच. मी मोजपट्टी लावली. चोचीपाशी रुंदी अडुसष्ट मिलिमीटर, मुठीजवळ गळ्यापाशी बावीस.

"पांचाळने पाठवलं?"

"तो म्हनला, सुरी माझी घ्या, पन म्यान वसंताकडंच करा."

सुरेश असं करतो. तो कधी माझं वाईट बोलत नाही. बोलला असता तर मला किती सोपं गेलं असतं!

"कशासाठी आहे ही?" मी विचारलं.

उत्तर महेंद्रने दिलं. "पंख्यात जालं गुततं ना शेट. बोटीच्या पंख्यात. मंग इंजिन बंद, बोट आडवी, वरनं लाटा. कोनीतरी खाली बुडी मारून जालं कापायला लागतं. कोनीतरी म्हंजे मी."

"त्याला पोहायला येतंय आन अक्कल नाय, म्हनून तो," हसुराम म्हणाला, पण हसला नाही. आदल्या हंगामात महेंद्र घरातली सुरी दातात धरून खाली गेला होता. जाळं कापताना सुरी निसटली आणि त्याच जाळ्यात त्याचा पाय अडकला. कमरेला दोर होता, वरून हसुरामने ओढला, म्हणून तो वर आला. आला तेव्हा निळा पडला होता. "आईनं शपथ घातली हाय. हातात नीट हत्यार असल्याबिगर ह्याला पान्यात सोडायचा नाय. नारळी पुनवेला बोट बाहेर काडायची हाय. त्याच्या आत पायजे."

मी वही काढली आणि सवयीने विचारलं, "पट्टा किती रुंदीचा वापरता?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. महेंद्र म्हणाला, "पान्यात पट्टा बांदून कोन जातं शेट? इन करून जाऊ काय?"

पस्तीस वर्षं मी प्रत्येक म्यानाला पट्ट्यासाठी फास ठेवत आलो होतो. पट्टाच नसलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं. ठरलं असं की म्यान उजव्या मांडीला रबराने बांधायचं. वर कमरेला जिवाचा दोर असतो, त्याची गाठही उजवीकडेच.

या सुरीचं कोडं लक्षात आलं असेल. डोकं मोठं आणि गळा लहान. अशा पोराला बंद गळ्याचा सदरा शिवायचा. तोंड अडुसष्टचं ठेवलं तर आत गेलेली सुरी खुळखुळ्यासारखी हलणार. बावीसचं ठेवलं तर सुरी आत जाणारच नाही. मी म्यानाची पाठच उघडी ठेवायचं ठरवलं. सुरी वरून न घालता बाजूने आत टेकवायची आणि वर एक झडप, तिला पितळेचं टिचबटण. ओढली की बटण आपोआप सुटावं. म्यानाच्या तोंडाला टाचेच्या मापाची खाच ठेवली, म्हणजे सुरी एकाच बाजूने बसेल. उलटी घातली तर टाच अडते आणि सुरी बोटभर वर राहते. चार मिलिमीटरचं म्हशीचं चामडं घेतलं, गरम मेणात बुडवून काढलं. बायको मंगल दोऱ्याला मेण लावते, मी तीनदा उसवलं आणि पुन्हा शिवायला तीनदा तिच्याकडे दोरा मागितला. ती म्हणाली, "जावयाला आहेर करताय की काय?"

बोलून दाखवत नव्हतो, पण माझ्या मनात वेगळंच होतं. या सुरीच्या बाबतीत नुसतं पातं चांगलं असून भागणार नव्हतं. ते पाण्यात, एका हाताने, न बघता बाहेर आलं पाहिजे, आणि हे काम म्यानाचं. एकदा तरी लोक म्हणतील, सुरी सुरीच्या जागी, पण म्यानामुळे पोरगा वाचला.

रात्रभर म्यान बादलीत बुडवून ठेवलं. सकाळी सुरी लोण्यातून निघावी तशी निघाली. मी उरणला निघालो.

जेट्टीच्या पायऱ्यांवर हसुराम, महेंद्र आणि त्यांची आई सोनाबाई होती. आणि सुरेशही होता. सुरीला पाणी लागल्यावर मूठ कशी राहते ते बघायला आलो, म्हणाला. महेंद्रने म्यान मांडीला बांधलं आणि पाण्यात उतरला. मी मुद्दाम सांगितलं, आधी थोडा वेळ पोहून ये, म्हणजे खरी परीक्षा होईल. तो भरपूर पोहला. मग छातीभर पाण्यात उभा राहून त्याने मुठीला हिसका दिला.

"आली का?" हसुरामने वरून विचारलं.

"म्यान आलं," महेंद्र म्हणाला. "सुरी नाय आली."

म्यान मांडीवरून सरकून वर आलं होतं आणि सुरी आत घट्ट. त्याने परत बांधलं, परत ओढलं. तेच. मी हातात घेऊन पाहिलं आणि सगळं कळलं. बादलीतलं म्यान हलत नव्हतं. मांडीवरचं म्यान पोहताना वाकत होतं. वाकलं तिथे मेण तडकलं, पाणी आत शिरलं, चामडं फुगलं, आणि सुरेशच्या सुरीचे ते सुंदर दाते फुगलेल्या चामड्यात रुतून बसले. चामडं मी शिकलो होतो. मांडीचा विचार केला नव्हता.

तेवढ्यात सुरेशने पिशवीत हात घातला. "वसंता, रागावू नको हां. मी आपलं टाइमपास म्हणून एक करून बघितलंय."

त्याने काढली ती राखाडी नळी. नळाच्या कामातली, प्लास्टिकची, पन्नास मिलिमीटरची. भट्टीवर धरून मऊ केलेली आणि दोन फळ्यांत दाबून चपटी केलेली. खाली पाणी जायला एक भोक. त्याने सुरी वरून आत सोडली, उलटी करून हलवली. पडली नाही, खुळखुळलीही नाही. मग मूठ धरून ओढली, आणि अलगद आली.

मी नळी मागून घेतली आणि आत बोट घातलं. सुरेशने मधोमध नळी थोडी जास्त दाबली होती. तिथे प्लास्टिकच्या दोन भिंती पात्याला चिमटीसारख्या धरत होत्या. मी दोन आठवडे सुरीच्या रुंदीशी झगडत होतो. याने तिला जाडीने धरलं होतं. पातं चोचीपाशी आणि गळ्यापाशी कितीही लहानमोठं असो, जाडी सगळीकडे पाचच मिलिमीटर. इतकं साधं होतं ते! मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहितो, कारण त्यासाठीच हा लेख आहे. माझं म्यान फसलं याचं मला जेवढं वाईट वाटलं, त्याच्या दुप्पट याचं वाटलं की त्याचं जमलं, आणि ते त्याने टाइमपास म्हणून केलं होतं.

महेंद्र नळी बांधून पोहला. तीनदा बुडी मारून तीनदा सुरी काढून दाखवली. हसुरामने सुरेशच्या पाठीवर थाप मारली. सोनाबाई म्हणाल्या, "देवानं तुला बुद्दी दिली हाय रं बाबा." चहा आला. माझं ओलं म्यान पायरीवर पडलं होतं, त्यावर कोणीतरी चहाचा ट्रे ठेवला.

चहा पिताना मी महेंद्रकडे बघत होतो. तो बोलता बोलता सुरी नळीतून काढत होता, पुन्हा घालत होता, खेळणं मिळालेल्या पोरासारखा. आणि मला दिसलं. एकदा त्याने चोच मागे करून घातली, एकदा पुढे. सुरीला काहीच फरक पडत नव्हता. ती दोन्ही बाजूंनी तितकीच छान बसत होती. मूठ गोल, दोन्हीकडून सारखी. आणि बोटीवर नळीच्या बरोब्बर वर, पुढच्या बाजूला, जिवाचा दोर असणार होता.

मी कप खाली ठेवला नाही. मला जे दिसलं ते बरोबर आहे याची खात्री होती. पण आता बोललो तर काय होईल याचीही होती. ज्याचं म्यान दहा मिनिटांपूर्वी सगळ्यांसमोर फसलं, तो दुसऱ्याच्या म्यानात खोट काढतोय. आणि गंमत म्हणजे लोकांनी माझ्या मनात जे आहे असं म्हटलं असतं, ते खरंच माझ्या मनात होतं. मी जळत होतो. नळी वाईट निघावी असं मला मनापासून वाटत होतं. आणि नळी खरोखर चुकीची होती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून वेगळ्या कशा काढायच्या?

"हसुराम," मी म्हणालो, "ही नळी अशी वापरू नका."

मग सोनाबाई हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या, "सोताचं फुटलं, आता दुसऱ्याचं फोडतोय."

"आये, गप," हसुराम म्हणाला. पण माझ्याकडे त्याने त्याच नजरेने पाहिलं. सुरेशचे कान लाल झाले.

समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी महेंद्रला पायरीवर उभं केलं. कमरेला दोर बांधायला लावला, बोटीवर बांधतो तसा, उजवीकडे गाठ. नळी मांडीला. "डोळे मीट," मी म्हणालो. त्याने मिटले. मी सुरी चोच पुढे करून नळीत बसवली. दोराचं दुसरं टोक हसुरामच्या हातात देऊन ताणून धरायला सांगितलं. "हं. आता खाली आहेस, जाळं समोर आहे. काढ घाईत."

महेंद्रने डोळे मिटून जोरात सुरी वर ओढली. चोच दोरात अडकली, आणि त्याने जाळं कापायचा हिसका सवयीने दिला. हसुराम एक पाऊल मागे गेला. दोर तीन पिळांचा होता. दोन तुटले होते.

महेंद्रने डोळे उघडून खाली पाहिलं. सोनाबाई उठल्या, दोराचा तो तुटका भाग हातात घेतला आणि उरलेल्या एका पिळावरून बोट फिरवत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला ते चाललं, पण त्यांनी बघायला हवं होतं, असं अजून वाटतं.

सुरेशने नळी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. "ही कशीही बसते की रे," तो स्वतःशी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू काय केलं होतंस याला?"

या प्रश्नाचं उत्तर न देण्याची सोय नव्हती. मी ट्रे बाजूला केला, माझं ओलं म्यान उचललं आणि तोंडाची खाच दाखवली. "टाच इथे बसते. उलटी घातलीस तर बसतच नाही."

"आयला," सुरेश म्हणाला. बोटीवर करवतीचं पातं होतं. त्याने नळीच्या तोंडाला एका बाजूला टाचेच्या मापाची खाच कापली आणि कड दगडावर घासली. महेंद्रने सुरी उलटी घालून पाहिली, टाच कडेवर अडून ती बोटभर वर राहिली, हाताला लगेच कळेल इतकी. सुलटी घातली, बसली. डोळे मिटून पुन्हा काढली, पाण्यात जाऊन काढली. आता नळीत काहीही खोट उरली नव्हती. माझ्या म्यानात त्या नळीपेक्षा सरस अशी एकच गोष्ट होती, आणि ती मी दोन वाक्यांत तिला देऊन टाकली होती.

परतताना मी सुरेशच्या मोटरसायकलवर मागे होतो. द्रोणागिरीच्या गोदामांपाशी कंटेनरांची रांग लागली होती, तिथे थांबावं लागलं.

"वसंता, एक विचारू? तू गप्प बसला असतास तर?"

"तर तुझी नळी चार महिन्यांत बदनाम झाली असती."

"आणि महेंद्र?"

"म्हणूनच बोललो ना."

"लगेच नाही बोललास. चहा संपवलास आधी."

म्हणजे त्याने पाहिलं होतं. "रांग हलली," मी म्हणालो. "पुढे बघ."

त्या हंगामात सुरेशने अशा नळ्या किती बोटींना दिल्या ते मला माहीत नाही. मी मुद्दाम विचारलं नाही. कानावर येत होतं ते 'पांचाळची नळी' असंच. कोणी खाचेबद्दल विचारलं तर तो माझं नाव सांगतो, असंही कानावर आलं. पण खाचेबद्दल कोण विचारणार? खाच म्हणजे नसलेलं प्लास्टिक.

दिवाळीनंतर एका सकाळी हसुराम दुकानात आला. हातात जड पिशवी. मी काही विचारण्याआधीच त्याने सांगितलं. वादळी वाऱ्यात जाळं पंख्यात गेलं होतं. पाणी इतकं गढूळ की महेंद्रला स्वतःचा हात दिसत नव्हता. तो खाली गेला, सगळं हाताने चाचपून कापलं, आणि एका दमात वर आला. "दोर जसाच्या तसा होता शेट. मी वर घेतल्या घेतल्या आधी तोच बघितला. मंग त्याचा तोंड बघितला."

एवढं बोलून त्याने पिशवीतून दोन पापलेटं काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. "आईनं दिल्यात. तुमच्यासाठी येगली काडून ठेवली होती." पिशवी अजून जड होती. तोंडातून एक मोठं शेपूट बाहेर आलेलं.

"ते काय?" मी विचारलं.

"रावस हाय. पांचाळशेटला."

"किती किलोचा?"

"पाच-सवापाच असंल."

तो गेला. मागच्या बाजूला मंगल दोऱ्याला मेण लावत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "पोरगा वर आला, तर कसा आहे म्हणून विचारलंत का? रावसाचं वजन विचारलंत. अहो, आनंद झालाय की पोटात दुखतंय? काय ते एक ठरवा बघू."

मी ठरवायचा प्रयत्न केला. अजूनही ठरलेलं नाही. पापलेटं मात्र एकदम ताजी होती.